उतारशाळेच्या रखवालदाराचा विषय : लोकप्रशासन ख्रिस्ती नजरेने शिकायला निघालेल्यांसाठी

पहिल्या सत्रातला माझा पहिला निबंध नोकरशाहीवर होता. नोकरशाहीची अभिजात मांडणी करणारा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर, त्याच्यावर आठ पानं लिहिली आणि नवव्या पानावर रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयीचं वचन आणून ठेवलं. झाला ख्रिस्ती दृष्टिकोन! निबंध परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता : "हे वचन काढलं तर आधीच्या आठ पानांत काय बदलेल?"

काहीही बदललं नसतं. निबंध जरा आखूड झाला असता, एवढंच.

विद्यापीठात लोकप्रशासन शिकायला निघालेल्या आणि ते आपल्या विश्वासाला धरून शिकू पाहणाऱ्या कुणाही नवख्याला मी आधी हा समासातला प्रश्न देतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

मराठीत या विषयाची एक गंमत आहे. कार्यालयातून मिळतो तो दाखला, आणि येशूने सांगितला तोही दाखला, म्हणजे बोधकथा. चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10) सगळ्यांना पाठ असतो. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला. पण गोष्ट तिथे संपत नाही. शोमरोन्याला पुढे जायचं आहे. तो जखमी माणसाला उतारशाळेत आणतो, दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि सांगतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्या रखवालदाराबद्दल कुणी उपदेश करत नाही. त्याच्याकडे कुणाचा तरी पैसा आहे, अनोळखी रुग्ण आहे, खर्चाचा अंदाज नाही, आणि बहुधा इतर खोल्याही भरलेल्या आहेत. वाटेवरचा कळवळा संपल्यावर काळजीची व्यवस्था सुरू होते. लोकप्रशासन हा त्या रखवालदाराचा विषय आहे.

पहिली पायरी : आधी विषय शिका

हे सांगावं लागतं, कारण विश्वासू विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. संख्याशास्त्राचा पेपर जड गेला की "मी मूल्यांच्या बाजूने अभ्यास करतोय" असं म्हणून मोकळे होतात. अर्थसंकल्प वाचता न येणाऱ्याच्या मूल्यांचा कुणाला फारसा उपयोग होत नाही.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेला आहे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. सासरा इथ्रो हे बघतो आणि सरळ सांगतो, तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. अवघड प्रकरणं तेवढी तुझ्याकडे येऊ देत. संघटनेच्या पहिल्या तासाला अधिकारांची वाटणी आणि नियंत्रणकक्षा (एका वरिष्ठाच्या हाताखाली किती माणसं असावीत) म्हणून जे शिकवतात, ते इतकंच असतं. महत्त्वाचं हे की इथ्रो मिद्यानाचा याजक होता, बाहेरचा माणूस. मोशेने त्याचं ऐकलं. म्हणून वेबर किंवा प्रशासनातल्या निर्णयांचा अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन वाचताना "हे आपले नव्हेत" असा विचार मनात आला तर इथ्रोला आठवा. (बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे हीच हकिकत पुन्हा सांगतो तेव्हा सासऱ्याचा उल्लेखही करत नाही. अहवालातून सल्लागाराचं नाव गळायची पद्धत तशी जुनीच.)

पहिल्या वर्षात या मंडळींशी ओळख व्हायलाच हवी. वुड्रो विल्सनचा 1887 मधला निबंध : प्रशासन हे राजकारणापासून वेगळं काढून अभ्यासावं, हा आग्रह इथून रुजला. वेबरची नोकरशाहीची मांडणी त्याच्या मृत्यूनंतर, 1922 मध्ये ग्रंथरूपाने आली. ल्यूथर गुलिकने 1937 मध्ये व्यवस्थापकाची कामं, नियोजनापासून अर्थसंकल्पापर्यंत, एका आद्याक्षरी शब्दात कोंबली, 'पॉस्डकॉर्ब'. परीक्षेत अजून विचारतात. सायमनने 1947 मध्ये सांगितलं की प्रशासक सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, 'चालून जाईल' असा पहिला पर्याय उचलतो. ड्वाइट वाल्डोने 1948 मध्ये दाखवलं की कार्यक्षमतेच्या तटस्थ भाषेआड एक अख्खं राजकीय तत्त्वज्ञान दडलेलं आहे. 1968 ची मिनोब्रूक परिषद, अमेरिकेतल्या तरुण अभ्यासकांची, जिथून सामाजिक न्यायाचा मुद्दा या विषयात जोराने शिरला. आणि मायकेल लिप्स्की, 1980 : धोरण खरं ठरतं ते खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हाताने.

या यादीत एक सावधगिरी लपलेली आहे. विल्सन प्रेस्बिटेरियन पाळकाचा मुलगा, स्वतः नियमित प्रार्थना करणारा. गुलिकचा जन्म ओसाकातल्या मिशनरी कुटुंबातला. म्हणून त्यांचे सिद्धांत आपोआप ख्रिस्ती होत नाहीत. विल्सन राष्ट्राध्यक्ष असताना, 1913 पासून, अमेरिकेच्या टपाल आणि अर्थ खात्यांसारख्या संघीय कार्यालयांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली. प्रशासनशास्त्राचा आद्य लेखक, देवभीरू घर, आणि तरी हे. पहिल्या वर्षीच हे ठाऊक असलेलं बरं, म्हणजे 'चांगली माणसं नेमली की झालं' हा भाबडेपणा लवकर गळून पडतो.

सायमनचं आणखी एक. 1946 मध्ये त्याने लिहिलं की प्रशासनाची तथाकथित तत्त्वं म्हणींसारखी असतात. प्रत्येकीला उलट सांगणारी दुसरी म्हण तयार असते. वर्गात हे वाचून सगळे हसले, पण नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय वाचलेल्याला नवल वाटू नये. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असं चौथ्या वचनात आहे. दे, असं पाचव्यात. ओळीला ओळ लागून. कोणती म्हण कधी लावायची हे ओळखणं, यालाच तिथे शहाणपण म्हटलंय. सायमनला हे उत्तर पुरेसं वाटलं नसतं, पण निबंधाला विषय मात्र छान आहे.

दुसरी पायरी : विद्यापीठ निवडताना

इथे फार वेळ घालवत नाही. ख्रिस्ती संस्थेत शिकावं की सर्वसाधारण विद्यापीठात, यावर भरपूर वाद घालता येतो. मी एवढंच बघायला सांगेन : अभ्यासक्रमपत्रिकेत प्रशासकीय कायदा, सार्वजनिक वित्त, संशोधनपद्धती आणि धोरणविश्लेषण हे चारही सक्तीचे आहेत का? नसतील तर संस्थेच्या नावात काहीही असो, ती तुम्हाला अर्धवट शिकवणार. आणि ख्रिस्ती संस्था असेल तर 'ख्रिस्ती दृष्टिकोन' हा शेवटच्या सत्रातला एक सुटा पेपर आहे, की वित्त शिकवणारा प्राध्यापकही त्याबद्दल बोलतो? सुटा पेपर म्हणजे माझं नववं पान. सर्वसाधारण विद्यापीठात जाणार असाल तर तिथे ईश्वरविज्ञान किंवा तत्त्वज्ञान विभागातला एखादा विषय श्रेयांकांसह घेता येतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून ठेवा. तोंडी 'हो' वर विसंबू नका. प्रशासन शिकायला निघाला आहात, तेवढी सवय आतापासूनच लागू दे.

तिसरी पायरी : 'ख्रिस्ती दृष्टिकोन' एक नाही

मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेल्या मुलाला हा धक्का असतो. राज्यसत्तेबद्दल ख्रिस्ती परंपरा आपसांत भांडल्या आहेत, आणि ती भांडणं अभ्यासाची आहेत.

ऑगस्टीनने, 410 मध्ये रोम लुटलं गेल्यानंतर, दोन नगरांची कल्पना मांडली आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही राज्याला देवाचं राज्य समजू नका, असं बजावलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1523 मध्ये लौकिक सत्तेच्या मर्यादेवर लिहिलं : तलवारीचा अधिकार शरीरावर आणि मालमत्तेवर, आत्म्यावर नाही. चारच वर्षांनी, 1527 मध्ये, श्लाइटहाइमच्या ॲनाबॅप्टिस्टांनी (बाप्तिस्मा फक्त प्रौढांचा, असं मानणाऱ्या पंथाने) जाहीर केलं की ख्रिस्ताच्या अनुयायाने न्यायाधिकाऱ्याचं पद घेऊच नये. म्हणजे तुम्ही ज्या नोकरीसाठी शिकत आहात ती नोकरीच नको! हे मत पटो न पटो, ते टाळून पुढे जाऊ नका. वर्गात तुमच्या शेजारी त्याहून कडक टीकाकार क्वचितच बसलेला असेल.

प्रशासनाच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी पडतील अशा दोन आधुनिक कल्पना आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक कॅथलिक : पोप पायस अकरावे यांनी 1931 च्या परिपत्रकात मांडलेलं तत्त्व, की खालच्या, लहान समूहाला जे जमतं ते वरच्या, मोठ्या समूहाने हिरावून घेऊ नये, जमत नसेल तिथे मात्र मदतीला जावं. दुसरी सुधारित (कॅल्व्हिनच्या वाटेच्या) परंपरेतली : डच ईश्वरविज्ञानी अब्राहम काइपरने 1880 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचं मुक्त विद्यापीठ सुरू करताना मांडलेलं 'आपापल्या क्षेत्राचं सार्वभौमत्व'. कुटुंब, मंडळी, विद्यापीठ, उद्योग, राज्य यांना प्रत्येकाला देवाकडून थेट अधिकार. कुणीही दुसऱ्याचं मांडलिक नाही. काइपर नुसता बोलून थांबला नाही, 1901 ते 1905 तो नेदरलँड्सचा पंतप्रधान होता.

फरक असा समजून घ्या. कॅथलिक तत्त्वाचं चित्र शिडीसारखं, वरची पायरी आणि खालची पायरी. काइपरचं चित्र शेजारी-शेजारी घरांसारखं. 'निराधार वृद्धांची देखभाल कुणी करावी?' हा प्रश्न घ्या. शिडीवाला विचारेल, कोणत्या पातळीवर हे जमेल आणि वरच्याने किती हात द्यावा. घरांवाला विचारेल, हे मुळात कुणाचं काम, आणि राज्य त्यात शिरलं तर कुटुंबाचं किंवा मंडळीचं काय बिघडेल. उत्तर दोघांचं कधी एकच येईल, पण अनुदानाच्या अटी लिहायला बसलात की दोघांचे मसुदे वेगळे निघतील. वर्गात हा प्रयोग करून बघा, मजा येते.

काइपरच्या कल्पनेचा आधार पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं समर्थन करणाऱ्यांनीही घेतला. आवडत्या विचारवंताची ही बाजू लपवू नका. तुम्ही नाही सांगितली तर परीक्षक सांगेल. माझा सल्ला असा, की एक परंपरा निवडून तिच्यात खोल उतरा, आणि दुसरी एक कायम टीकाकार म्हणून हाताशी ठेवा. पाचही थोडी थोडी चाखणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

चौथी पायरी : वचन नव्हे, अख्खा प्रसंग वाचा

योसेफ हा ख्रिस्ती प्रशासकांचा लाडका नायक. सुकाळाची सात वर्षं, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवणं, शहराशहरात कोठारं, मग दुष्काळात वाटप. उत्पत्तीचा एकेचाळिसावा अध्याय आपत्ती-व्यवस्थापनाचा नमुना म्हणून किती तरी भाषणांत ऐकला असेल.

आता सत्तेचाळिसावा वाचा, सावकाश. लोक धान्यासाठी येतात. आधी त्यांचा पैसा संपतो, तो फारोच्या घरात जमा होतो. पुढे ते गुरंढोरं आणतात : घोडे, मेंढरं, बैल, गाढवं. वर्ष सरतं. मग ते म्हणतात, आता आमच्याकडे आमची शरीरं आणि जमिनी एवढंच उरलंय, तेही घे. योसेफ घेतो. सगळी जमीन फारोची होते आणि लोक त्याचे दास होतात. याजकांची जमीन तेवढी सुटते, कारण त्यांना फारोकडून नेमणूक मिळत असते. लोक योसेफाचे आभारही मानतात, तुम्ही आमचे जीव वाचवले म्हणून.

यात योसेफाला खलनायक करायची गरज नाही. त्याने खरोखरच जीव वाचवले. पण जे धान्य लोकांकडून घेतलं तेच त्यांना विकलं गेलं, आणि मदतीच्या वाटेने सत्ता एका हाती गोळा झाली. पुढच्याच पुस्तकाच्या सुरुवातीला योसेफाला न ओळखणारा राजा गादीवर येतो आणि त्या सत्तेखाली कोण भरडलं जातं, हे आपण जाणतोच. निर्गमची कथा एका यशस्वी योजनेनंतर सुरू होते, हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. आता 'आणीबाणीतले अधिकार' हा धडा उघडा. समासातल्या प्रश्नाचं उत्तर यावेळी वेगळं येतं : हा प्रसंग काढला तर मदत योजनांच्या मूल्यमापनातला एक अख्खा निकष गळतो. लाभार्थी वाचला, पण वाचल्यावर तो पूर्वीइतका मोकळा राहिला का?

असाच दुसरा प्रसंग प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार येते. प्रेषित तक्रार नाकारत नाहीत, चौकशी समितीही नेमत नाहीत. लोकांनाच सात जण निवडायला सांगतात. त्या सातांची नावं मोठ्याने वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलेलं दिसतं. डोनाल्ड किंग्सलीने 1944 मध्ये 'प्रातिनिधिक नोकरशाही' ही संज्ञा वापरली, ती शिकवताना मी हीच यादी फळ्यावर लिहितो.

आणि माझं ते नववं पान? रोमकरांस 13 एकटं वाचू नका. शेजारी प्रकटीकरण 13 ठेवा, जिथे सत्ता श्वापद होऊन समुद्रातून वर येते. दोन्ही तेरावे अध्याय एकाच पवित्र शास्त्रात आहेत. रोमकरांसच्या चौथ्या वचनात अधिकाऱ्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस' आहे, म्हणजे सेवक. मंडळीतल्या डीकनसाठीही तोच. सेवक जेव्हा सेवक राहत नाही, तेव्हा काय करायचं, यावर तुमची परंपरा काय म्हणते ते शोधा. तिथे जर्मनीतलं 1934 चं बार्मेनचं घोषणापत्र, नाझी राजवटीचा मंडळीवरचा हक्क नाकारणारं, वाचावंच लागेल.

पाचवी पायरी : विषयातली एक साधी वाटणारी गोष्ट धरा

सगळ्या विषयाला एकदम ख्रिस्ती चष्मा लावायला गेलात तर काहीच दिसणार नाही. एक संकल्पना धरा. मोजणी घ्या, सगळ्यात निरुपद्रवी वाटते म्हणून.

गणना या पुस्तकाच्या सुरुवातीला देवच मोजणीची आज्ञा देतो, घराण्याघराण्याने, नावानिशी. 2 शमुवेलच्या चोविसाव्या अध्यायात दावीद मोजणी करवतो आणि तीच गोष्ट पाप ठरते. सेनापती यवाबसुद्धा, जो काही फार सोवळा माणूस नव्हता, आधीच विचारतो, राजाला हे कशाला हवंय? कृती एकच, मग फरक कुठे? कशासाठी मोजता, आणि मोजलेली माणसं कुणाची समजता, यात.

आता 1941 मधलं नेदरलँड्स. तिथल्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयाचा प्रमुख जेकब लेंट्झ हा आपल्या कामात निष्णात आणि कमालीचा काटेकोर माणूस. नोंदवह्यांत धर्माचा रकाना आधीपासून होता, शांततेच्या काळात, कुणाचं वाईट चिंतून नव्हे. जर्मन ताब्यात त्याने बनावट करायला अत्यंत अवघड असं ओळखपत्र तयार केलं. ज्यूंना शोधणं त्या वह्यांनी आणि त्या ओळखपत्रांनी सोपं केलं, आणि तिथल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मारले गेले. 27 मार्च 1943 च्या रात्री प्रतिकार चळवळीतल्या काहींनी पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून कागदपत्रं पेटवली. त्यांतल्या बारा जणांना 1 जुलैला गोळ्या घालण्यात आल्या.

लेंट्झला लाच दिलेली नव्हती. तो आळशी नव्हता. भ्रष्टाचारविरोधी धड्यातल्या सगळ्या कसोट्यांवर तो उत्तीर्ण होतो. पाप म्हणजे फक्त नियम मोडणं, एवढीच आपली समजूत असेल तर लेंट्झ आपल्याला दिसणारच नाही. याचा अर्थ मोजू नये असा नाही. ज्याची नोंद नाही त्याला औषधही मिळत नाही. न मोजलेला माणूस हा बहुधा गरीबच असतो. म्हणून रकाना भरताना नव्हे, रकाना आखताना विचारायचं : ही माहिती उद्या वाईट हातात गेली तर? आज याला विदा (डेटा) संरक्षण म्हणतात आणि त्यावर चांगला प्रबंध होऊ शकतो.

सहावी पायरी : निबंध लिहिताना

इथे मी हट्टी आहे, म्हणून यादी देतो. पटली तर घ्या.

आधी विषयातला प्रश्न विषयाच्याच भाषेत मांडा, एका वाक्यात. मग प्रमुख लेखक त्यात माणसाबद्दल काय गृहीत धरतात ते शोधा : तो स्वार्थी आहे? सुधारता येतो? आकड्यात मावतो? ख्रिस्ती विचार याच जागी आत येतो, कारण देवाच्या प्रतिमेचा आणि तरीही पतित असा जो माणूस त्याला ठाऊक आहे, तो या दोन्ही-तिन्ही गृहीतकांत बसत नाही. मग सांगा की यामुळे उत्तरात काय बदललं. काही बदललं नसेल तर तसं प्रामाणिकपणे लिहा. दरवेळी बदललंच पाहिजे असं नाही, पाण्याच्या नळाचा व्यास सगळ्यांना सारखाच. आणि निबंध पाठवण्याआधी, वचन काढून वाचून बघा.

सर्वसाधारण विद्यापीठात परीक्षक श्रद्धाळू असेलच असं नाही. त्याला पटण्यासाठी विश्वास लपवायची गरज नाही, पण 'शास्त्र म्हणतं म्हणून' हा पुरावाही चालणार नाही. योसेफाचा प्रसंग मांडा, त्यातून निघणारा निकष मांडा, आणि तो निकष शास्त्र न मानणाऱ्यालाही तपासता येईल अशा रीतीने एखाद्या खऱ्या योजनेवर लावून दाखवा. नास्तिक परीक्षकांनी अशा निबंधांना चांगले गुण दिलेले मी पाहिलेत. ख्रिस्ती परीक्षकांनी गोड गोड निबंधांना पाडलेलंही.

सातवी पायरी : इंटर्नशिप, म्हणजे खिडकी

दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी कार्यालयात पाठवतील. तिथे पहिल्या आठवड्यात दोन मोह होतात. एक, सगळ्यांना मदत करायला नियम वाकवायचा. दुसरा, नियमाच्या आड लपायचं आणि कागदी घोडे नाचवायचे. दुसरा जास्त चिवट, कारण त्यात आपलं काही चुकत नाही.

तटस्थपणाबद्दल डाग हामरशोल्ड उपयोगी पडतो. संयुक्त राष्ट्रांचा महासचिव, 1953 पासून 1961 मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत. त्याची दैनंदिनी मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली तेव्हा लोक चकित झाले. ती जवळजवळ संपूर्ण प्रार्थना आणि आत्मपरीक्षण होती, कामकाजाबद्दल त्यात फारसं काहीच नाही. तटस्थ माणूस असा कुणी नसतो, अशी टीका सोव्हिएत नेत्यांनी केली तेव्हा 1961 मध्ये तो जे म्हणाला त्याचा आशय असा : मनाने तटस्थ कुणीच नसेल कदाचित, पण तटस्थ कृती करता येते, आणि ते सचोटीचं काम आहे. हे वाचल्यावर माझा गोंधळ बराच कमी झाला. खिडकीवर आपला विश्वास बोलून दाखवायचा नसतो. रांगेत आपल्या मंडळीतला माणूस उभा असला तरी त्याला पुढे घ्यायचं नसतं. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देणाऱ्यांबद्दल आहे, आणि तो प्रसंग मंडळीतलाच आहे.

आणि एखादं काम विवेकाला पटतच नसेल तर? क्रम असा ठेवा. नियम खरंच तसा आहे का, मूळ मजकूर वाचा. निम्म्या वेळा तो नियम नसतो, कुणाची तरी जुनी सवय असते. मग आक्षेप लेखी नोंदवा. मग दुसरं काम मागा. मग उघडपणे नकार द्या आणि परिणाम भोगा, राजाची बंदी असूनही प्रार्थना करणाऱ्या दानीएलसारखं, खिडकी उघडी ठेवून. अर्ज गुपचूप ढिगाच्या तळाशी सरकवणं हा विवेक नव्हे. त्याची किंमत समोरचा माणूस भरतो आणि त्याला ते कळतही नाही.

माझ्या इंटर्नशिपमध्ये एका बाईंचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावात एक काना जास्त, लग्नाच्या दाखल्यावर तो नाही. संगणक म्हणाला, व्यक्ती दोन. माझ्या डोक्यात पायस अकरावे होते, काइपर होता. हातात काहीच नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या एका मध्यमवयीन क्लार्कबाईंनी न विचारता नियमपुस्तिका काढली आणि लेखनिकाच्या चुकीची दुरुस्ती प्रतिज्ञापत्राशिवाय करता येण्याची तरतूद दाखवली, अमुक पान, अमुक पोटकलम. पान कडांना काळं पडलेलं, म्हणजे वापरातलं. पुढच्या दोन महिन्यांत मी ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तुम्हीही ज्या कार्यालयात जाल तिथली मागून घ्या. पहिल्याच दिवशी.